बिनपगारी अधिकार आणि त्याचा जाब

सार्वजनिक कामात मोबदला न घेता राबणाऱ्या माणसाला हिशेब विचारणे आपल्या समाजात अप्रशस्त मानले जाते. ग्रंथालयाचे मानद चिटणीस, गणेशोत्सवाचे खजिनदार, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त यांच्या एखाद्या निर्णयाविषयी सभासदांच्या मनात शंका आली, तरी ‘पदरमोड करून करतात, त्यांना काय विचारायचे?’ असे म्हणून ती गिळली जाते. कोणी धीर करून विचारलेच, तर ‘मग उद्यापासून तुम्हीच सांभाळा’ हे उत्तर तयार असते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या मंडळांना हे दोन्ही संवाद तोंडपाठ आहेत. मोबदला नाही म्हणून जाबही नाही, हे सूत्र कितपत टिकते, याची परीक्षा पाहायची असेल तर महाजालावरील समाजांचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. हा प्रश्न तेथे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, आणि त्यावर केलेल्या बहुतेक प्रयोगांची लेखी नोंदही मागे राहिली.

महाजालावरील समाज म्हणजे एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी संगणकाच्या आधारे चालवलेली चर्चामंडळे, प्रश्नोत्तरांची व्यासपीठे आणि ज्ञानकोश. तेथील शिस्त राखण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. कोणता मजकूर ठेवायचा, कोणता काढायचा, कोणाला लिहिण्यास मनाई करायची, हे ते ठरवतात. इंग्रजीत त्यांना मॉडरेटर म्हणतात. मराठी विकिपीडियाने आपल्या अशा स्वयंसेवकांसाठी ‘प्रचालक’ हा शब्द रूढ केला आहे. प्रस्तुत लेखात सोयीसाठी सर्वांना ‘नियामक’ म्हटले आहे.

या पद्धतीचा उगम यूझनेट या चर्चाव्यवस्थेत सापडतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ साली तिची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ती सुरू झाली. पुढे गर्दी वाढली तेव्हा काही चर्चागटांना नियामक नेमण्यात आले. अशा गटासाठी लिहिलेले पत्र आधी नियामकाकडे जाई आणि त्याने मान्य केले तरच इतरांना दिसे. पत्र नाकारले गेले तर दाद मागण्याची ठरलेली वरची पायरी नव्हती. नाराज माणसाने दुसऱ्या गटात जावे किंवा स्वतःचा नवा गट काढावा, एवढाच मार्ग उरे. माणसे थोडी, बरीचशी विद्यापीठांतली आणि बहुधा एकमेकांच्या परिचयाची होती, तोवर हे निभावले. आपल्याकडेही पन्नास घरांचे मंडळ घटनेवाचून चालते. पाचशे घरे झाली की घटना लागते.

दुसरा टप्पा व्यापारी कंपन्यांचा. अमेरिका ऑनलाइन या कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या ग्राहकांमधूनच हजारो ‘समाजप्रमुख’ तयार केले. त्यांच्या संवादकक्षांवर देखरेख ठेवणे, नियमभंग करणाऱ्यांची तक्रार वर पाठवणे, नवख्यांना मदत करणे, ही त्यांची कामे. त्यांना प्रशिक्षण दिले जाई, आठवड्याचे किमान तास ठरलेले असत आणि कामाचे अहवाल भरून द्यावे लागत. मोबदल्यादाखल सेवाशुल्कात सूट मिळे. १९९९ साली यांच्यापैकी काहींनी न्यायालयात धाव घेतली. वेळापत्रक आहे, अहवाल आहे, वरिष्ठ आहेत, मग आम्ही स्वयंसेवक कसले, नोकरच आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही योजना २००५ मध्ये बंद झाली आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली.

या प्रकरणातील एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. समाजप्रमुखांना जाब द्यावा लागत होता; पण तो वर, कंपनीला. ज्या सभासदांवर ते देखरेख ठेवीत, त्यांना त्या अहवालांत काय लिहिले आहे ते कळण्याची सोय नव्हती. उत्तरदायित्वाचा विचार करताना ‘जाब आहे का’ एवढे विचारून भागत नाही, ‘कोणापुढे’ हेही विचारावे लागते. वरिष्ठापुढे दिलेला जाब शिस्त आणतो खरा, परंतु ज्याच्यावर अधिकार चालतो त्याचा विश्वास त्यामुळे मिळतोच असे नाही.

तिसरा प्रयोग स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक वार्तापत्राने केला. रॉब माल्डा यांनी १९९७ साली ते सुरू केले. वाचकांच्या प्रतिक्रियांची छाननी आधी चालकच करीत. काम आवाक्याबाहेर गेले तेव्हा त्यांनी पंचवीस, मग चारशे माणसे निवडली. अखेरीस त्यांनी कायमचे नियामक नेमण्याची कल्पनाच सोडली आणि नियमितपणे वाचणाऱ्यांमधून यदृच्छेने माणसे निवडून त्यांना थोडे दिवस अधिकार देण्याची रीत घातली. प्रत्येकाच्या वाट्याला पाच गुण येत; तीन दिवसांत वापरले नाहीत तर ते रद्द होत. ज्या चर्चेत स्वतः भाग घेतला, तिच्यात गुण देता येत नसत. १९९९ मध्ये या व्यवस्थेवर आणखी एक मजला चढला: नियामकांनी दिलेले गुण न्याय्य होते की नाही, यावर इतर वाचक अभिप्राय देऊ लागले आणि त्या अभिप्रायावर पुढील संधी अवलंबून राहू लागली. अधिकार अल्प, अल्पकाळ आणि तपासणीस पात्र, असा हा साधा आराखडा होता. मात्र यात काटछाटीचे काम तेवढे होई. वादाच्या मुळाशी जाऊन दोन्ही बाजू ऐकणे, पुरावा तोलणे हे तीन दिवसांच्या पाहुण्याकडून होण्याजोगे नव्हते.

ते काम विकिपीडियाच्या वाट्याला आले. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी हा ज्ञानकोश सुरू केला. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, हे त्याचे तत्त्व. अर्थातच खोडसाळपणा आवरण्यासाठी काहींना पाने वगळण्याचे, पाने कुलूपबंद करण्याचे आणि सदस्यांना प्रतिबंध करण्याचे अधिकार द्यावे लागले. हे पद म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, अशा आशयाचे मत वेल्स यांनी २००३ मध्ये व्यक्त केले होते. अधिकारपद लहान मानावे ही भावना चांगली होती, परंतु पद लहान आहे असे म्हटल्याने अधिकार लहान होत नाही. ज्याला लिहिण्यास मनाई झाली, त्याच्या दृष्टीने तो अधिकार मोठाच असतो.

तथापि विकिपीडियाच्या रचनेत दोन गोष्टी आरंभीच्या काळातच रुजल्या, आणि प्रशासनाचे काम केलेल्या कोणालाही त्यांचे मोल चटकन उमगेल. पहिली गोष्ट म्हणजे नोंद. कोणी कोणते पान केव्हा वगळले, कोणाला किती दिवसांसाठी मनाई केली, याची नोंद यंत्र स्वतःच करते आणि ती कोणालाही पाहता येते. वगळलेला मजकूर सामान्य वाचकास दिसत नाही, परंतु तो कोणी वगळला हे लपत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कारण. कृतीसोबत थोडक्यात कारण लिहावे, असा दंडक आहे. आपल्या प्रशासनात यालाच सकारण आदेश म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एस. एन. मुखर्जी खटल्यात प्रशासकीय निर्णयांना कारणे देण्याचे महत्त्व विशद केले. कारण लिहिण्याची सक्ती असली की मनमानीला आपोआप लगाम बसतो, आणि वरच्या पायरीवर तपासण्यासाठी काहीतरी हाती राहते. शेरा नसलेली फाईल वरिष्ठानेही तपासायची कशी?

तिसरी गोष्ट, म्हणजे वरची पायरी, डिसेंबर २००३ मध्ये आली. इंग्रजी विकिपीडियासाठी वेल्स यांनी लवाद समिती जाहीर केली आणि २००४ च्या आरंभी ती काम करू लागली. न मिटणारे तंटे ऐकणे आणि गरज पडल्यास नियामकाचा अधिकार काढून घेणे, हे तिचे काम. चौथी गोष्ट, म्हणजे मुदत किंवा फेरनिवड, मात्र फार रेंगाळली. जर्मन विकिपीडियाने २००९ मध्ये नियम केला की पुरेशा सदस्यांनी मागणी केल्यास नियामकाने पुन्हा मतदानास सामोरे जावे. इंग्रजी विकिपीडियाला हे पाऊल उचलण्यास २०२४ उजाडले. तेथे आता तीस दिवसांत पंचवीस अनुभवी सदस्यांनी मागणी केली, तर नियामकाला पुन्हा कौल घ्यावा लागतो. एकदा मिळालेले पद आपणहून कोणी सोडत नाही आणि सोडायला लावणे सहकाऱ्यांना जड जाते, हा अनुभव काही आपल्याच मंडळांपुरता नाही, एवढे यावरून दिसते.

नोंद, कारण, वरची पायरी आणि फेरनिवड यांपैकी काही कागदावर असूनही सारे कसे कोलमडू शकते, याचे उदाहरण क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाने घालून दिले. हा ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. क्रोएशियाची लोकसंख्या सुमारे चाळीस लाख. म्हणजे लिहिणारी माणसे थोडी आणि नियामक त्याहून थोडे. या मूठभरांपैकी एका गटाने हळूहळू सारा कारभार आपल्या हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४१ ते १९४५ या वर्षांत तेथे उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेची राजवट होती. तिच्या यासेनोव्हात्स येथील छळछावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल झाली. तेथील स्मारकसंस्थेने नावानिशी नोंदवलेल्या बळींची संख्या ८३,१४५ आहे. क्रोएशियन विकिपीडियावर मात्र या छावणीचे वर्णन सौम्य शब्दांत, लोक जमा करून कामाला लावण्याची जागा अशा थाटात होऊ लागले. आक्षेप घेणाऱ्या सदस्यांना मनाई केली जाई. मनाईविरुद्ध दाद मागायची ती त्याच नियामकांकडे किंवा त्यांच्या मित्रांकडे. मतदानात एकाच माणसाने अनेक नावे धारण करून मते दिल्याचेही पुढे उघड झाले.

हे गुपचूप चालले होते असेही नव्हे. २०१३ साली क्रोएशियातील वृत्तपत्रांनी आवाज उठवला आणि तत्कालीन शिक्षणमंत्री झेल्को योव्हानोविच यांनी विद्यार्थ्यांना हा ज्ञानकोश न वापरण्याचा सल्ला दिला. त्या वर्षी जागतिक विकिपीडिया समाजापुढेही तक्रार गेली, पण तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वायत्त असतो, बाहेरच्यांनी हस्तक्षेप करू नये, हा संकेत आड आला. स्वायत्तता हे चांगले तत्त्व आहे. परंतु घरातील माणसेच दाराला आतून कडी घालून बसली असतील, तर स्वायत्तता नेमकी कोणाची, हा प्रश्न विचारायला सात वर्षे लागली. २०२० मध्ये या गटातील एका प्रमुख सदस्याला सर्वच विकिपीडियांवर बंदी करण्यात आली. २०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घेतलेला अहवाल प्रसिद्ध झाला. निदान २०११ ते २०२० या काळात नियामकांच्या एका गटाने या ज्ञानकोशावर अवाजवी ताबा ठेवल्याचा निष्कर्ष त्यात आहे. त्या दशकात शाळेत असलेल्या मुलांनी आपल्या देशाचा इतिहास मातृभाषेतील त्या पानांवर वाचला असेल, ही गोष्ट आता परतवता येत नाही.

या घटनेचा अर्थ केवळ ‘माणसे वाईट होती’ असा लावला तर आपण काही शिकणार नाही. नोंदी होत होत्या. पण त्या वाचणारे उरले नव्हते. अपील होते, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश होता. ‘स्वतःच्या प्रकरणात कोणी पंच होऊ नये’ हे नैसर्गिक न्यायाचे पहिले कलम आहे, आणि लहान समाजात तेच पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण दुसरा माणूसच नसतो. २०२० मध्ये स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचे प्रकरण गाजले, तेथे तर दुष्टावाही नव्हता. ती भाषा नीट अवगत नसलेल्या एका उत्साही स्वयंसेवकाने हजारो लेख लिहिले आणि वर्षानुवर्षे कोणी थांबवले नाही, कारण भाषा जाणणारा कोणी तिकडे फिरकतच नव्हता.

हाच प्रश्न रेडिट या अमेरिकन चर्चास्थळावर वेगळ्या रूपाने आला. २००५ साली सुरू झालेल्या या स्थळावर २००८ पासून कोणालाही स्वतःचे मंडळ काढण्याची मुभा मिळाली. जो आधी आला तो मुख्य नियामक; त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाला तो काढू शकतो, त्याला मात्र खालचा कोणी काढू शकत नाही. जून २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या प्रणालींवर आकारलेल्या नव्या शुल्काचा निषेध म्हणून नियामकांनी हजारो मंडळे काही दिवस बंद ठेवली. तेव्हा कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी एका वृत्तसंस्थेशी बोलताना या नियामकांची तुलना पिढीजात जमीनदारांशी केली. आपल्या भाषेत सांगायचे तर वतनदारांशी. आरोपात तथ्य नव्हते असे नाही. परंतु वतनदारी इतकी वर्षे चालली तेव्हा कंपनीने तिच्या जिवावर फुकट काम करून घेतले, आणि वतनदार विरोधात उभे राहिले त्या दिवशी तिला रयतेची आठवण झाली. उत्तरदायित्वाची मागणी कोण, केव्हा आणि कशासाठी करतो, हेही तपासून घ्यावे लागते.

वतनाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जुन्या व्यवस्थेकडे एक नजर टाकणे अप्रस्तुत ठरणार नाही. मराठा काळात वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे हे सभेत बसत. त्यातले कोणी न्यायाधीश म्हणून पगार घेत नव्हते. तरीही पक्षकारांकडून निर्णय मान्य असल्याची लेखी कबुली आधीच घेतली जाई, जामीन राही. निर्णयाचा महजर लिहून त्यावर हजर असलेल्यांची नावे येत आणि निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर त्यात ओळखीचा. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. एखाद्यास स्थानिक गोत पक्षपाती वाटले, तर प्रकरण दुसऱ्या स्थळी नेण्याची मागणी करता येई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती आणि सभेत कोणाचा शब्द चाले हे सांगायला नको. परंतु मोबदला न घेणाऱ्या पंचानेही आपला निर्णय नावानिशी लिहून ठेवावा आणि वादीला दुसरे स्थळ मागता यावे, या दोन गोष्टी तिला कळल्या होत्या. क्रोएशियन विकिपीडियावरील तक्रारदारांना नेमके हे दुसरे स्थळच मिळाले नाही.

ते आता काही अंशी निर्माण झाले आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानने सर्व भाषांना लागू असलेली आचारसंहिता २०२१ मध्ये जाहीर केली. तिच्या अंमलबजावणीचे नियम २०२३ मध्ये मंजूर झाले, आणि स्थानिक यंत्रणा अपुरी पडल्यास लक्ष घालण्यासाठी एक समिती २०२४ मध्ये निवडणुकीने नेमण्यात आली. सरकारांनीही पावले उचलली. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णांशाने लागू झाला; मजकूर काढल्यास लेखकास कारण कळवणे त्याने बंधनकारक केले. आपल्या देशात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक ठरवले आणि २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची तरतूद केली.

मात्र कायद्याचा बडगा थेट स्वयंसेवकावर उगारण्यात धोका आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्याविषयीच्या लेखावरून विकिमीडिया प्रतिष्ठानविरुद्ध २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यात तीन संपादकांची ओळख उघड करण्याचा आदेश झाला. पुढे त्यांची ओळख जाहीर न करता प्रतिष्ठानमार्फत समन्स पोचवण्याचा तोडगा निघाला. फावल्या वेळात ज्ञानकोश सांभाळणाऱ्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला वकील लावण्याची ऐपत नसते. घरचा पत्ता जगजाहीर होईल या भीतीने तो काम सोडतो, आणि त्याची रिकामी जागा घेतो तो बहुधा कसलीच भीती नसलेला माणूस. म्हणून जाब विचारायचा तो माणसाच्या घराला नव्हे, त्याच्या कृतीला. नाव टोपण असले तरी चालेल. त्या नावाने केलेली प्रत्येक कृती उघड, सकारण आणि फिरवता येण्याजोगी असली म्हणजे पुरे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या सामाईक चर्चापानाला ‘चावडी’ हे नाव दिले आहे, आणि ते सार्थ आहे. क्रोएशियनपेक्षा मराठी बोलणारे कितीतरी पटींनी अधिक. पण ज्ञानकोशात नियमितपणे लिहिणारे आणि प्रचालकांच्या नोंदी वाचणारे आपल्यातही थोडेच. मराठी प्रचालकांविरुद्ध काही सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. उलट, लक्ष ठेवणारे नसतील तर सज्जन प्रचालकालाही न्याय मिळत नाही. त्याने योग्य निर्णय घेतला हे सांगणारा साक्षीदारच नसतो.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्यासारख्यांना तर यात विशेष स्वारस्य असायला हवे. होळकर, शिंदे आणि गायकवाडांच्या संस्थानांचा, गोव्याच्या मराठी छापखान्यांचा, बेळगावच्या वाचनालयांचा, हैदराबादच्या मराठी शाळांचा इतिहास पुढची पिढी तेथेच वाचणार आहे. तो कोणी लिहिला, कोणी काढला आणि का काढला, हे पाहण्याचा हक्क कोणत्याही वाचकास आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असे लिहिलेले असते. ते उघडून वाचावे, चूक दिसल्यास चर्चापानावर पुराव्यासह लिहावे, चावडीवर प्रचालकपदाचा कौल मांडला गेला तर आधीच्या नोंदी चाळून मत द्यावे. दप्तर वाचण्याची सवय असलेल्या निवृत्त मंडळींना हे काम जड नाही, आणि त्यासाठी कोणाचे पद हिसकावून घेण्याची गरजही नाही.